डाव्या बुटाची जीभ

थोरले मिस्त्री वयाने धाकटे होते आणि धाकटे मिस्त्री वयाने थोरले. यात कुणाचाच दोष नव्हता. ज्यांच्या हाताखाली दोघे शिकले त्या मास्तरांना दोन मुली होत्या आणि त्यांच्या कारखान्यात दोन हुशार शागीर्द. थोरलीचं लग्न एकाशी झालं, धाकटीचं दुसऱ्याशी, आणि मग माणसं बायकोवरून ओळखली जाऊ लागली. थोरल्यांना हा मान फार आवडायचा. आपल्याहून दोन वर्षांनी मोठ्या माणसाला जन्मभर धाकटा म्हणायला मिळणं ही काही लहानसहान गोष्ट नाही.

दोघांचेही पेरणी यंत्रांचे कारखाने होते, एकाच रस्त्यावर, समोरासमोर. थोरल्यांच्या पाटीवर होतं, 'चामडी जिभेचं अस्सल पेरणी यंत्र'. आठवड्याभरात समोर पाटी लागली, 'चामडी जिभेचं मूळ पेरणी यंत्र'. मग इकडे 'मूळ अस्सल' झालं आणि तिकडे 'एकमेव मूळ अस्सल'. पुढे पाट्यांवर जागाच उरली नाही म्हणून दोघे थांबले, नाहीतर रंगाऱ्याला दुसरं काम घ्यावंच लागलं नसतं.

बत्तीस वर्षं दोघा साडूंमध्ये बोलणं नव्हतं. अगदीच वेळ आली तर 'तुम्ही' म्हणायचे, तेही समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत. शागिर्दीत एका डब्यात जेवलेली माणसं ही. तेव्हा सरळ अरे-तुरे होतं. बायकांचं मात्र रोज दुपारी तासभर फोनवर चालायचं. दोन घरांच्या मध्ये वीस पावलांचा रस्ता होता, पण नवऱ्यांचा मान राखायचा म्हणून त्या तो ओलांडत नसत. त्यामुळे समोर कुणाला सर्दी झालीय आणि कुणाच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, हे दोन्ही मिस्त्र्यांना घरबसल्या कळायचं. ऐकलं नाही असं दाखवून दोघेही जिवाचा कान करून ऐकायचे.

भांडणाचं मूळ अंगठ्याच्या पेराएवढं होतं. पेरणी यंत्राला वर बियांची पेटी असते आणि पेटीच्या तळाशी फिरणारी तबकडी. तबकडीला कडेकडेने खळगे. एका खळग्यात एक बी बसावं, तबकडी फिरावी आणि बी नळीतून जमिनीत जावं, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. पण बियांचंही माणसांसारखंच असतं. एकाच्या जागेत तिघं घुसायला बघतात. जास्तीचं बी पुसून काढायला पूर्वी तिथे लोखंडी पट्टी असायची, आणि ती बी पुसायच्या ऐवजी फोडायची. फुटकं बी पेरलं की शेतात पिकाच्या जागी टक्कल उगवायचं. त्या पट्टीऐवजी चामड्याची मऊ जीभ बसवायची, ही ती युक्ती. ऐकायला सोपी आहे. सुचायला एक अख्खा हिवाळा लागला होता, आणि ती सुचली कुणाला यावर पुढची बत्तीस वर्षं गेली होती.

मास्तरांच्या कारखान्यात एक शिस्त होती. प्रत्येकाने आपापल्या टेबलावर काम करायचं, निघताना त्यावर फडकं टाकायचं, आणि काम पुरं होईपर्यंत मास्तरांखेरीज कुणाला दाखवायचं नाही. दुसऱ्याचं फडकं उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं. "शेजारचं बघितलं की आपले डोळे आळशी होतात," मास्तर म्हणायचे. त्या हिवाळ्यात दोन्ही जावई आपापल्या फडक्याखाली काहीतरी खुडबुडत होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि मास्तर गेले. पंधरवड्याने कारखाना उघडला. दोघांनी फडकी काढली, तर दोन्ही टेबलांवर एकच यंत्र. चामडी जिभेचं.

याचा अर्थ उघड होता. कुणीतरी कुणाचं तरी फडकं उचललं होतं. आपण उचललेलं नाही, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. मग उरला कोण?

कारखान्याच्या मधोमध भिंत आली, मग भिंतही पुरेना म्हणून एक जण रस्त्यापलीकडे गेला. पेटंट घ्यायचं दोघांच्याही मनात होतं. पण एकाने अर्ज केला की दुसरा हरकत घेणार, हेही दोघांना दिसत होतं. म्हणून ना याने अर्ज केला ना त्याने. तोवर बाकीच्या कारखानदारांनी ती जीभ खुशाल उचलली, आणि आज कुठलंही पेरणी यंत्र उघडा, आत ती वळवळताना दिसेल. आपल्याला मिळालं नाही तरी त्यालाही मिळालं नाही, या एका गोष्टीवर दोघांना रात्री शांत झोप लागायची.

तर त्या वर्षी शेतकी कॉलेजने आपल्या जुन्या गोदामात एक दालन उघडायचं ठरवलं. शेतीची यंत्रं आणि त्यांची पेटंटं, यांचा सगळा इतिहास. कॉलेजच्या संग्रहालयाच्या बाई या कामावर होत्या. त्यांचा चष्मा डोक्यावर असायचा, पेन्सिल कानावर असायची, आणि बाई दोन्ही वस्तू शोधत असायच्या. एका सकाळी त्या थोरल्यांच्या कारखान्यात आल्या.

"चामडी जिभेचं यंत्र दालनात दाराशीच ठेवणार आहोत," बाई म्हणाल्या. "खाली पितळेची पाटी. एकच ओळ आहे. यंत्र, साल आणि शोधणाऱ्याचं नाव."

"लिहून घ्या," थोरले म्हणाले आणि आपलं नाव सांगायला लागले, वडिलांच्या नावासकट.

"थांबा. सुचलं कसं ते आधी सांगा."

हे सांगायला थोरल्यांना कधीच कंटाळा येत नसे. त्यांनी हात पुसले, स्टूल पुढे ओढलं. "आमच्या मास्तरांनी एका संध्याकाळी माझ्या टेबलावर एक जुना बूट आणून ठेवला. डावा. म्हणाले, ह्याचं काय करता येतं बघ. आणि गेले निघून. मला वाटलं, टाच निसटली असेल. टाच तर ठणठणीत. शिवणही ठीक. मी आपला तो बूट हातात घेऊन बसलो. नाडी काढली. जीभ वर केली, सोडली. वर केली, सोडली. मऊ होती, पण आपल्या जागी परत येत होती. आणि एकदम डोक्यात लख्ख उजेड पडला बघा. तीच जीभ कापून मी पहिल्या यंत्राला लावली."

बाईंनी लिहिणं थांबवलं. "गंमत आहे. समोरचे मिस्त्रीही बुटाचंच सांगत होते."

थोरल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काय सांगता? म्हणजे जीभ उचलली ती उचलली, बूटही सोडला नाही?"

"त्यांनी तो जपून ठेवलाय म्हणे."

"जपून मी ठेवलाय. हा वर, हत्यारांच्या कपाटावर, कापडात बांधून. त्याचं काय घेऊन बसलात, जुने बूट काय कुठेही मिळतात."

बाईंनी वही मिटली. त्या मितभाषी होत्या आणि त्यांना दोन्ही म्हाताऱ्यांची थोडी दया आली होती. पेटंट कचेरीने जुन्या, रद्द झालेल्या पेटंटांच्या फायली कॉलेजला देऊन टाकल्या आहेत, त्यांनी सांगितलं. शेतीच्या यंत्रांचे अकरा गठ्ठे आहेत. गुरुवारी दोघांनीही यावं आणि ते सोबत चाळावेत. "तुम्हा दोघांपैकी कोण, ते नंतर बघू. तुमच्या आधी तिसरं कुणी नव्हतं ना, एवढं एकदा बघून घेऊ."

"तिसरं?" थोरले हसले. समोर हाच निरोप गेला तेव्हा धाकटेही हसले, असं दुपारच्या फोनवरून कळलं.

घरी जेवताना थोरल्यांचा घास घशाखाली उतरेना. "बूटसुद्धा," ते म्हणाले. "निदान बूट तरी सोडायचा होता. दुसरं काही सुचलं नसतं का त्याला? टोपी म्हणायची, पट्टा म्हणायचा."

बायको शांतपणे वाढत होती. ती मास्तरांची मुलगी असल्यामुळे दोन्ही बाजूंचा कढ सारख्याच थंडपणे ऐकायची. "त्या हिवाळ्यात बाबा कारखान्यात सपातांवर जायचे," ती म्हणाली. "एवढ्या थंडीत. रस्त्यावरची पोरं हसायची. मी विचारलं, बाबा, बूट कुठायत? तर म्हणाले, शाळेत गेलेत."

"मला नाही आठवत."

"तुम्ही काय त्यांच्या पायांकडे बघत होतात?"

"मी कामाकडे बघत होतो."

"तेच म्हणतेय मी," बायको म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

थोरल्यांना त्या रात्री नीट झोप आली नाही. आयुष्यात त्यांनी हजारभर यंत्रं केली होती, पण ती कुणीही केली असती. हात चालवणं वेगळं आणि सुचणं वेगळं. त्यांना सुचलं होतं एकदाच. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांनी सबंध जन्म ताठ मानेने काढला होता, आणि ती पितळेच्या पाटीवर दुसऱ्याच्या नावाने लागली असती तर त्यांना त्या कॉलेजच्या रस्त्याने पुन्हा जाता आलं नसतं. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. तिला ते ठाऊक होतं.

गुरुवारी अकरा वाजता दोघे कॉलेजात पोचले, रस्त्याच्या दोन कडांनी चालत. फायलींची खोली लांबट होती, मधोमध एक मोठं टेबल, वर कौलात काचेचा तुकडा आणि त्यातून खाली पडलेला उन्हाचा चौकोन. धाकटे एका बाजूला बसले, थोरले बरोबर समोर. समोरच्याने एखादं पान फाडून खिशात घालू नये म्हणून दोघेही डोळ्यांत तेल घालून बसले होते. म्हणून एकेक गठ्ठा वाटून घेण्याऐवजी एकच फाइल दोघांनी मिळून बघायची, असं ठरलं. एकाला चित्र सुलट दिसायचं, दुसऱ्याला उलट.

मिस्त्री लोकांचं वाचन चित्रापासून सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. पहिल्या पानावरचं नाव, गाव, दावे, अटी हे सगळं बाईंनी वाचावं आणि चित्रं आपण बघावीत, यावर दोघांचं न बोलता एकमत झालं. त्या दिवसातलं ते पहिलं एकमत.

आणि काय काय निघालं त्या गठ्ठ्यांतून. एका गृहस्थांनी नांगराला अशी बैठक जोडली होती की नांगरणाऱ्याला डुलकी लागली की खालून खिळा वर यायचा. एकाने टाळ्या वाजवणारं बुजगावणं केलं होतं, आणि पुढच्याच फाइलीत त्याच्या शेजाऱ्याने त्या टाळ्यांचा आवाज आपल्या घरात ऐकू येऊ नये यासाठी पडद्याचं पेटंट घेतलं होतं. बटाटे खणता खणता सोलणारं एक यंत्र होतं. त्याच्या दुसऱ्या टोकाने काय बाहेर पडत असेल याचा विचार करून थोरल्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. समोर धाकट्यांनाही नेमका तेव्हाच खोकला आला.

चौथ्या गठ्ठ्यात मळणीयंत्राला जोडलेला पाळणा निघाला. मळणीच्या पट्ट्यावरून एक दोरी घेतलेली, यंत्र चाललं की पाळणा हलायचा. बाईंनी वाचलं, शोध एका शेतकरीणबाईंचा होता. दावा एकाच वाक्याचा: यंत्र थांबल्यावर मूल उठतं, हा दोष मान्य आहे.

"ह्या बाईला मान दिला पाहिजे," धाकटे छताकडे बघत म्हणाले.

"दिला पाहिजे," थोरले टेबलाकडे बघत म्हणाले.

सातव्या गठ्ठ्यात मधेच एक पातळशी फाइल होती. बाईंनी वरचं पान काढून आपल्यापाशी ठेवलं आणि चित्र टेबलावर पसरलं. पेटी होती. तबकडी होती. तबकडीवर, नेमक्या जागी, एक लहानशी पट्टी होती आणि तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'चामडे'.

थोरल्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी समोर पाहिलं. धाकट्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तिसरा होता तर. मग थोरल्यांनी चित्र स्वतःकडे जरा ओढलं, कारण बुडत असतानाही मिस्त्री मिस्त्रीच असतो.

"जीभ सरळ लोंबतेय," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही.

"ताठ. चार रिव्हेट मारलेत," धाकटे म्हणाले. तेही कुणालाच नाही.

"दव पडलं की चामडं फुगणार."

"फुगलं की लाकूड होणार. मागे स्प्रिंग नको का?"

"स्प्रिंग नंतर. आधी तिरकी टांगायला नको का? अरे बघ ना, बी येतंय ह्या बाजूने, आणि हिने त्याला अडवलंय भिंतीसारखं."

"अरे, पण तिरकी टांगलीस तरी ती मागे सरकणार कशी? दाबाला जागा नको?"

बत्तीस वर्षांनी 'अरे' झालं होतं आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं. त्या पेन्सिल शोधायची थांबल्या.

"ह्या गृहस्थाने शेत पाहिलेलं नाही," थोरले म्हणाले. त्यांच्या आवाजात आता जोर आला होता. यंत्रात दोष आहे म्हटल्यावर त्यांचा जीव जरा भांड्यात पडला होता.

"खुर्चीत बसून काढलंय सगळं. उन्हाळ्यात एकदा चालवून बघितलं असेल आणि धावला असेल पेटंट कचेरीत."

"मास्तरांनी हे बघितलं असतं ना..."

"कान उपटला असता त्याचा."

दोघे हसले. चांगले मोकळे हसले, एकमेकांकडे बघून. बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, बाजूला ठेवलेलं पहिलं पान उचललं आणि शोधकाचं नाव वाचलं.

ते नाव दोघांच्याही बायकांच्या माहेरचं होतं. खाली पत्ता त्याच कारखान्याचा होता जिथे पुढे दोन टेबलं आणि दोन फडकी होती. साल बुटाच्या हिवाळ्याच्या नऊ वर्षं आधीचं.

"पुन्हा वाचा," धाकटे म्हणाले. बाईंनी पुन्हा वाचलं. नाव बदललं नाही.

फाइलीच्या शेवटी एक पत्र टाचलेलं होतं. अक्षर दोघांनी लांबूनच ओळखलं. याच अक्षरात त्यांना 'फडकं टाका' अशी चिठ्ठी पाच वर्षं दारावर दिसत आली होती. बाईंनी ते हळू आवाजात वाचलं.

'माझ्या यंत्राची जीभ कोरड्या हवेत चालते, दमट हवेत बी फोडते. विकलेली सर्व यंत्रे मी स्वतः परत आणून मोडली आहेत. दोष कशात आहे हे मला सापडत नाही. सबब हे पेटंट पुढे चालू ठेवण्याची माझी इच्छा नाही. ज्या कुणास दोष सापडेल त्याने ते खुशाल वापरावे.'

थोरल्यांना वाईट वाटलं, अगदी साधं, लहान पोराचं खेळणं दुसऱ्याचं निघावं तसं. जे बत्तीस वर्षं आपलं म्हणून छातीशी धरलं ते आपलं नव्हतंच. आणि ज्या माणसाने आपल्याला हात धरून कानस चालवायला शिकवलं त्याला आपण आत्ता म्हणालो, शेत पाहिलेलं नाही. त्यांना मास्तर डोळ्यांसमोर दिसले, टेबलाशी उभे, हातात एक बूट. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांची नजर मास्तरांच्या पायांवर गेली.

धाकट्यांनी घसा साफ केला. "तुला कुठला दिला होता?"

"डावा," थोरले म्हणाले.

धाकटे उन्हाच्या चौकोनाकडे बघत राहिले. "मला उजवा."

एक बूट कुणी दुरुस्तीला देत नाही, देतात ते दोन. दुसरा बूट कुठे आहे, हा प्रश्न रस्त्यावरच्या पोरालाही पडला असता. या दोघांना तो पडला नव्हता, कारण दोघेही तेव्हा मोठा शोध लावत होते.

"म्हणजे तू माझं फडकं..." थोरले म्हणाले.

"नाही उचललं. तू?"

"मीही नाही."

मग हळूहळू बाकीचं निघालं. त्या दिवशी फडकी काढली तेव्हा दोन्ही यंत्रांत जीभ होती, पण एक यंत्र दुसऱ्यासारखं नव्हतंच. थोरल्यांनी जीभ तिरकी टांगली होती. धाकट्यांनी ती सरळच ठेवून मागे बारीकशी स्प्रिंग दिली होती. मास्तरांना जो दोष सापडत नव्हता त्याचा अर्धा याने काढला होता आणि अर्धा त्याने. पण जीभ दिसल्याबरोबर दोघांचं डोकं असं फिरलं की पुढचं कुणी पाहिलंच नाही. ते तिरकेपण आणि ती स्प्रिंग म्हणजे दोघांनाही आपापली किरकोळ कारागिरी वाटली होती. त्याबद्दल कुणी कधी फुशारकीसुद्धा मारली नव्हती.

"तुझं एक यंत्र माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं," धाकटे म्हणाले. "तेव्हा तो कोन बघून घेतला. दुसऱ्या दिवसापासून माझ्याही जिभा तिरक्या."

"स्प्रिंग मीही तुझीच घेतलीय. तुझ्या गिऱ्हाइकाच्या यंत्रात हात घालून."

म्हणजे चोरी झाली होती, ती अशी. तिची मात्र दोघांपैकी एकालाही लाज वाटत नव्हती.

"मग पाटीवर काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"मास्तरांचं नाव," दोघे एकदम म्हणाले. थोरल्यांना वाटलं होतं, हे बोलताना जड जाईल. गेलं नाही.

"खाली बारीक अक्षरांत दोष काढणाऱ्यांची नावं घालता येतील. आधी कुणाचं घालू?"

"ह्याचं घाला. स्प्रिंग नसती तर काही खरं नव्हतं."

"छे, आधी ह्याचं. कोन महत्त्वाचा. स्प्रिंग काय, कुणीही लावेल."

"कुणीही लावेल? मी का नाही लावली मग?"

"आणि मी का नाही तिरकी टांगली?"

आवाज चढायला लागले. बाईंनी फाइल मिटली आणि पुढच्या गुरुवारी ठरवून या म्हणून दोघांना बाहेर काढलं. परत जाताना दोघे रस्त्याच्या एकाच कडेने चालले होते आणि भांडत होते. स्प्रिंगचं माप या विषयावर त्यांना बत्तीस वर्षांचं बोलायचं होतं.

संध्याकाळी थोरल्यांनी कपाटावरून बोचकं काढलं, धूळ झटकली आणि घरी आणलं. बायकोला त्यांनी चित्राबद्दल सांगितलं, पत्राबद्दल सांगितलं. पत्राचं तर दोनदा सांगितलं. ती ऐकत होती. बाबांनी एकदा गाडीभर यंत्रं घरी आणली होती हे तिला आठवत होतं. अंगणात बसून ती एकेक करून मोडताना त्यांनी मुलींना घरात जायला सांगितलं होतं. त्यानंतर घरात पेरणीचं नाव बरीच वर्षं कुणी काढलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?" थोरले म्हणाले. "सरळ सांगायचं, माझ्याच्याने झालं नाही, तुम्ही करा."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांचं यंत्र बघितलं असतं," बायको म्हणाली. "शेजारचं बघितलं की काय होतं म्हणायचे बाबा?"

थोरल्यांनी बोचकं जवळ ओढलं.

दारावर थाप पडली. बायकोने दार उघडलं तर बाहेर धाकटे उभे, काखेत फडक्यात बांधलेली वस्तू आणि मागे त्यांची बायको. वीस पावलांचा रस्ता चालून त्या दोघांना धाप लागली होती, किंवा तसं दिसत होतं. बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या नाहीत. रोजच बोलणाऱ्या बायका, त्यांना नवल करायला वेळ नव्हता. धाकटीने थेट आत जाऊन दिवा लावला.

"ये," थोरले म्हणाले.

"आलो," धाकटे म्हणाले, आणि आपलं फडकं टेबलावर सोडलं. थोरल्यांनी त्याशेजारी आपलं सोडलं.

दोन बूट होते. एक डावा, एक उजवा. दोन्हींचं चामडं वाळून करकरीत झालेलं, आणि दोन्हींच्या जिभा मुळापासून कापलेल्या. एकाची कानशीला सरावलेल्या हाताने सुबक कापलेली, दुसऱ्याची घाईने. कुणाची घाईने, यावर दोघे मिस्त्री पुन्हा सुरू होणार होते, तेवढ्यात थोरली पुढे झाली.

तिने दोन्ही बूट उचलले आणि जमिनीवर ठेवले, दाराशेजारी, भिंतीला लावून, टाचा जुळवून. लहानपणी रोज संध्याकाळी ती ते तसेच ठेवायची. मग ती तिथेच उकिडवी बसली, पदराने एकावरची धूळ पुसली, दुसऱ्यावरची पुसली आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"सुटली का रे शाळा?" ती म्हणाली.